दमसास

वैशाली, गाझियाबाद

चि. मृणाल,


तुमच्या पुण्यात सगळे एमसी स्टॅन ऐकतात, आमच्याकडे कोण, असं तू विचारलंस. वैशालीहून राजीव चौकाकडे जाणाऱ्या मेट्रोत कॉलेजच्या मुलांच्या तोंडी 'सीधे मौत' ही रॅपरांची जोडगोळी असते, रफ्तार असतो. स्टॅनही असतो, २०२१ साली 'नानचाकू' या गाण्यात तो याच जोडगोळीबरोबर होता. पण आज लिहायचंय ते कृष्णा कौलबद्दल. दिल्लीचा हा रॅपर नावातला 'एस' डॉलरच्या चिन्हाने लिहितो. २०२५ मध्ये त्याचा 'युअर्स ट्रूली' हा अल्बम आला. तेव्हा त्याचं 'कैसा मेरा देश' हे गाणं येऊन पंधरा वर्षं झाली होती.

ते गाणं २०१० चं. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या होत्या, त्यांच्यातले घोटाळे गाजत होते, आणि तेव्हा 'प्रॉस्पेक्ट' नाव लावणारा हा तरुण यूट्यूबवर येऊन त्यावर बोलला. आता हे साधं वाटेल. तेव्हा हिंदीत रॅप म्हटलं की लग्नातली आणि पबमधली गाणी एवढंच बहुतेकांना ठाऊक होतं.

पुढे २०१४ मध्ये युनिव्हर्सलसारख्या मोठ्या कंपनीने त्याचा 'सेलआउट' काढला. मला वाटतं, तो अल्बम फार लवकर आला. डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं 'मेरे गली में' त्यानंतरच्या वर्षी आलं, जिओमुळे डेटा स्वस्त झाला तो २०१६ च्या सप्टेंबरनंतर, आणि 'गली बॉय' हा चित्रपट तर २०१९ चा. ऐकणारे जमायच्या आत गाणारा येऊन उभा होता. पुढचा अल्बम, 'स्टिल हिअर', यायला २०२१ उजाडलं.

मधली सात वर्षं तो गप्प बसला नाही, आणि माझ्या मते त्याचं खरं बळ याच काळात दिसतं. 'व्यंजन' शोधून ऐक. त्यात तो वर्णमालेतली व्यंजनं क्रमाने घेतो, एकेका अक्षराभोवती ओळी रचतो, आणि तरी बोलण्याचा ओघ तुटू देत नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बारामतीत बसून मोरोपंतांनी एकशेआठ रामायणं रचली असं मानतात. त्यांतलं निरोष्ठ रामायण ओठ न मिटता म्हणता येईल अशा अक्षरांचंच आहे. यमकाचा हट्ट धरणाऱ्या त्या पंताला कृष्णा कौलची जुळणी नक्की कळली असती. मुलं त्याला ओळखतात ती रॅपर एमिवेबरोबरच्या भांडणातून, एकमेकांवर सोडलेल्या गाण्यांमधून. त्यातही कसब आहेच, पण रागावर उभं राहिलेलं गाणं राग ओसरला की उणं वाटू लागतं. 'व्यंजन'चं तसं होत नाही.

'स्टिल हिअर'नंतर त्याचं काम नेमाने येत राहिलं: २०२२ मध्ये 'टाइम विल टेल', २०२४ मध्ये 'फार फ्रॉम ओव्हर' आणि मग 'युअर्स ट्रूली'.

'युअर्स ट्रूली'मधलं 'सेन्सिटिव्ह' ऐकायला विसरू नकोस. त्यात 'सीधे मौत' त्याच्याबरोबर आहेत, म्हणजे दिल्लीच्या दोन पिढ्या एका ठेक्यावर. धाकटे अंगावर धावून येतात. हा मात्र शब्दाचं शेवटचं अक्षरही गिळत नाही. गती कितीही असो, मेट्रोच्या खडखडाटात त्याचं वाक्य कळतं. अनेक वर्षं गाणाऱ्याकडे आवाज उरतो, उच्चार सैल पडतात. याचे अधिक घट्ट झालेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

उलट्या क्रमाने ऐकू नकोस. 'कैसा मेरा देश', 'व्यंजन', 'स्टिल हिअर' आणि मग हा. तुझ्या वर्गातल्या स्टॅनच्या चाहत्यांनाही ऐकव, आणि त्यांचं म्हणणं मला कळव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा