बिजासनचा घाट

इंदूरहून धुळ्याकडे जाताना खलघाटाला नर्मदा ओलांडली की सेंधव्यापुढे बिजासनचा घाट लागतो. घाटात देवीचे देऊळ आहे. मालमोटारींचे चालक तेथे घटकाभर थांबतात, नारळ फोडतात आणि (हे मला अधिक आवडले) ब्रेकही तपासून घेतात.

गेल्या पावसाळ्यात तेथील ढाब्यावर एका प्रौढ चालकाशी गाठ पडली. शिरपूरकडचा, म्हणून मराठीत बोलला. 22 वर्षे एकाच मालकाकडे नोकरी; नेमणुकीचा कागद नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने 8 तासांचा दिवस ठरविला होता खरा. पण 5 कामगारांहून लहान धंद्याला तो आपोआप लागू होत नसे. याच्या मालकाचे दोन ट्रक, दोन चालक, दोन क्लीनर. हिशेब चारावरच थांबलेला!

मुलीच्या लग्नाला मालकाने न मागता पैसे दिले, हे त्याने दोनदा सांगितले. मी मनाशी त्याच्या निष्ठेचे कौतुक करीत होतो. “दुसरीकडे जावेसे कधी वाटले नाही?” मी विचारले.

“साहेब, ती उचल अजून फिटायची आहे.”

एवढ्यात मालकाचा फोन आला. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला.