खालीची मात्रा

पातूरच्या कार्तिकातल्या पहाटेला काकड्याच्या तुपाचा वास असे, कापराचा असे, दवात भिजलेल्या तुरीच्या शेतांवरून येणाऱ्या वाऱ्याचा असे आणि, बाहेरच्यांना नवल वाटेल, पण ओल्या कणकेचाही असे. आमच्या भजनी मंडळाचे बुवा मृदंगाच्या डाव्या पुडीवर ती कणीक थापत, अंगठ्यानं कडेकडेनं चेपत, एक थाप मारून कान लावत, मन भरलं नाही की पुन्हा चिमूटभर. आणि रेणुकामातेची टेकडी अंधारातून हळूहळू सुटी होत असताना आम्ही पोट्टे चादरी गुंडाळून, नाकं ओढत, टाळांच्या गार पितळेकडे संशयानं बघत बसलेलो असू. एकदा टाळ हातात आले की मात्र आम्ही कुणाला ऐकत नसू. भजन म्हणजे आवाज आणि चांगलं भजन म्हणजे जास्त आवाज, हा माझा त्या वयातला सिद्धांत होता.

म्हणून बुवांनी आमचे टाळच काढून घेतले. दुपारी, सारवलेल्या ओसरीवर, नुसत्या हातांनी त्रिताल. सोळा मात्रा, पहिलीला, पाचवीला, तेरावीला टाळी, आणि नववीला खाली, म्हणजे तळहात उलटा करून हवेत सोडायचा. नवव्या मात्रेला कुणाची तरी टाळी वाजायचीच, आणि बुवा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणत, "काहून ठोकतं बे? थे मात्रा मोकळी हाये, तिले मोकळीच राहू दे." पोरांना 'गप्प बसा' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्या रिकाम्या जागी त्यांनी हाताला काम दिलं, आणि सात-आठ वर्षांच्या पोराला गप्प बसण्यापेक्षा काम करणं किती सोपं, हे त्यांना कोणत्या पुस्तकानं शिकवलं होतं कोण जाणे. मग ते स्वतः वाजवून दाखवत: खालीपाशी डाव्या हाताची घुमारी विरून जाते, 'धा'चा 'ता' होतो, आणि उजव्या पुडीचा कोरडा, टणक नाद तेवढा उरतो. तिहाईत एकच बोल तीनदा येतो; त्या तीन तुकड्यांमध्ये दम, म्हणजे थोडी रिकामी जागा, सोडायची वेळ आली की आम्ही श्वासच कोंडून धरत असू. मग एखाद्याचं हसू फुटे आणि सगळी ओसरी फुटे.

बुवांनी आम्हांला एकदा पुण्यतिथीला मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात, नेलं होतं. गुरुकुंजात दिवसभर खंजिरी, भजनं, धूळ, भाकरीचा खमंग धूर, आणि मग बरोबर चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सगळं थांबलं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला गेले ती ही वेळ. दरवर्षी पुण्यतिथीला तिथं लोटलेली माणसं तेव्हा मौन श्रद्धांजली वाहतात. एवढी माणसं आणि झाडावरच्या कावळ्याचे पंख ऐकू येताहेत, हे मला अजिबात झेपेना. मी बुवांकडे बघितलं, तर त्यांचा तळहात मांडीवर उलटा होता.

आता मंडळात शाईच्या पुडीचे पखवाज आलेत. थंडीत कणीक मळायला कुणी उठत नाही. खरं सांगायचं तर मीही उठलो नसतो. माझी नात अकोल्याला तबला शिकते, मोबाइलवर साथीचा लेहरा लावते, वहीत समेला फुली आणि खालीला शून्य मांडते. अक्षर सुरेख आहे, आणि मोबाइल तिच्यावर कधी खेकसत नाही. मागच्या सुट्टीत तिनं मला रूपक दाखवला. सात मात्रा, आणि खाली थेट पहिल्याच मात्रेला. आमचं सगळं भजनी ठेक्यावर भागायचं, बुवांनी आम्हांला इथवर आणलंच नव्हतं.

"आबा, पहिलीच रिकामी, मग सुरू झालं हे कळतं कसं?"

"चौथीला टाळी आहे नं, तोवर दम धर," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. तिनं मोबाइलवर लय दुप्पट केली, म्हणजे चौथी लवकर येईल.