कडुलिंबाचा उशीर

वसंत ऋतूच्या आगमनाची वार्ता आम्हांस प्रथम लेखाशाखेकडून कळते. उरलेले अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची घालावे किंवा परत करावे, अशा आशयाचा कागद मेजावर येऊन पडला की फाल्गुन लागला असे आम्ही समजतो. कवींना कोकिळा असते; आम्हांस लेखाशाखा आहे. पोटामागे आमच्याप्रमाणेच दिल्लीस येऊन राहिलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

२०१७ सालच्या सामान्य वित्तीय नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे, की वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत खर्चाची गर्दी करणे हा आर्थिक औचित्याचा भंग होय. हा नियम काटेसावरीस अद्याप कोणी दाखविलेला दिसत नाही. वर्षभर ही बाई रस्त्याच्या कडेला मुकाट उभी असते. मार्च येताच अंगावरचे पानही शिल्लक न ठेवता आपली सारी शिल्लक लाल फुलांत उधळून मोकळी होते. मग त्या मांसल पेल्यांभोवती कावळे, साळुंक्या, बुलबुल आणि खारी यांची अशी झुंबड उडते, की ३१ मार्चच्या सायंकाळी देयके घेऊन उभ्या राहिलेल्या ठेकेदारांची आठवण व्हावी. फूल पडते तेही इतर फुलांसारखे तरंगत नाही. थप्प असा आवाज करून पडते. एकदा दुपारच्या सुटीत हिरवळीवर डबा उघडून बसलो असता असे एक फूल नेमके आमच्या वरणात पडले. शेजारी बसलेले आमचे बंगाली सहकारी म्हणाले, "घ्या, तुमचे अनुदान मंजूर झाले!"

दिल्लीच्या वसंताची आणखी एक तऱ्हा आम्हांस अंगवळणी पडावयास काही वर्षे लागली. येथे पानगळ आणि पालवी एकाच पंधरवड्यात येतात. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेली पानगळ हिवाळ्याच्या तोंडी व्हावी. येथे मार्चमध्ये झाडूवाल्यास उसंत नसते. वडा-पिंपळाच्या कुळातील पिलखन म्हणून एक वृक्ष या शहरात पुष्कळ आहे. सोमवारी कचेरीस जाताना तो उघडाबोडका दिसावा आणि पुढच्या सोमवारी तांबूस पालवीने असा नटलेला, की आपण रस्ता तर चुकलो नाही ना, असा संशय यावा. रजेचा अर्ज नाही, कार्यभार सोपविणे नाही. जुने पान गेले आणि नवे रुजू झाले.

याच सुमारास तांबट बोलू लागतो. हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर कुंकू रेखलेला हा पक्षी चोच मिटून 'टुक् टुक् टुक्' असे ठोके घालतो, आणि बोलता बोलता मान फिरवीत असल्यामुळे तो नेमका कोणत्या फांदीवर आहे याचा पत्ता लागत नाही. मराठी माणसाने त्याच्यात भांडी ठोकणारा कारागीर पाहिला. पुण्याच्या तांबट आळीतून ज्याने एकदा चक्कर मारली आहे त्यास हे नाव लगेच पटेल. हिंदीभाषकांनी मात्र त्याला 'छोटा बसंता' म्हटले. पक्षी तोच, ठोके तेच. आम्हांस त्यात धंदा ऐकू आला, त्यांना ऋतू. यावरून आमच्या स्वभावाविषयी काही अनुमान काढण्याचे आम्ही मुद्दाम टाळतो.

परंतु आज सांगावयाचे आहे ते कडुलिंबाविषयी.

वडिलांच्या पश्चात आई २०२२ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे दिल्लीस आली. वाईजवळच्या आमच्या गावी तिचे सारे आयुष्य गेले. येथील थंडीत रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही गोणपाटाचे अंगरखे घातलेले पाहून ती प्रथम हसली, आणि मग जानेवारीत स्वतःच दुलईबाहेर येईनाशी झाली. हिंदी तिला कळे, पण बोलताना ती अडे. अडण्याची लाज वाटे, म्हणून बोलतच नसे. दिवसभर आम्ही कचेरीत, सूनबाई शाळेत. आम्ही संध्याकाळी घरी आल्यावर तिने दिवसभरात कोणाशी चार शब्द बोलल्याचे दिसत नसे. आम्ही विचारले तर म्हणे, "मला काय झाले आहे? बरी आहे." हे 'बरी आहे' ऐकले की आमच्या पोटात खड्डा पडे. गावाकडे जायचे ती नाव काढीत नसे, आणि तेथे आता तिच्या सोबतीस कोणी नव्हते, हे तिलाही ठाऊक होते.

तिचा आवाज प्रथम चढलेला आम्ही ऐकला तो दूधवाल्याशी झालेल्या तंट्यात. होळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बुलंदशहराकडचा गृहस्थ सहज म्हणाला, चैत लागला, आता दूध आटणार. आई स्वयंपाकघरातून तडक बाहेर आली.

"अरे, पाडव्याला अजून पंधरा दिवस आहेत. चैत्र कसला? फाल्गुन चालू आहे. हा मनुष्य एवढे पंधरा दिवस चोरतो कोठून?"

आम्ही मध्यस्थी केली. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. तेव्हा शुक्ल पक्षात दोघांचे एकमत असते, तंटा असतो तो केवळ वद्य पक्षात. त्यांचा चैत्र आधी लागतो खरा, पण नवे वर्ष त्यांचेही आपल्याबरोबरच, चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे महिना अर्धा संपल्यावर यांचे वर्ष सुरू होते? मग या लोकांचे हिशेब जुळतात तरी कसे?" लेखाशाखेत एवढी वर्षे काढलेल्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

त्यातून तिसरा एक चैत्र आहे, तो आमचा सरकारी. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेले राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून सुरू झाले. त्याचा चैत्र चंद्राकडे न पाहता नेहमी २२ मार्चला लागतो, आणि प्लुत वर्षी २१ मार्चला. राजपत्राच्या माथ्यावर ही तिथी छापलेली असते. ती वाचणारे आमच्या पाहण्यात फार नाहीत. गंमत अशी, की २०२३ साली गुढीपाडवा नेमका २२ मार्चला आला. आईचा चैत्र आणि भारत सरकारचा चैत्र, शके १९४५ चा पहिला दिवस, एकाच सकाळी उजाडला. ही गोष्ट आम्ही मोठ्या कौतुकाने आईला सांगितली. ती म्हणाली, "ते असू दे. आधी लिंबाचा मोहोर आण."

येथेच सारे घोडे अडले. आमच्या सरकारी घराच्या दाराशीच कडुलिंब आहे, नव्या दिल्लीच्या कित्येक रस्त्यांच्या दुतर्फा तोच आहे; पण उत्तरेच्या थंडीमुळे तो मार्चमध्ये नुकती कोठे कात टाकीत असतो. आमच्या झाडावर चार तांबूस कोवळी पाने होती, फुलाचा मागमूस नव्हता. येथे लिंब फुलतो तो एप्रिलात. कृष्णाकाठी पाडव्याच्या पहाटे हात वर केला की मोहोराचा झुबका हाती यावा, आणि येथे देशाच्या राजधानीत एक फूल मिळू नये! आईने गुढीला खण बांधला, तांब्या पालथा घातला, गावाहून ट्रंकेतून आणलेली साखरेची गाठी अडकविली, कोवळ्या पानांची डहाळी खोवली, आणि वाटीत गूळ, ओवा, मिरे, चण्याची डाळ घेऊन ती वाटी तशीच पुढे ठेवून बसली. "हा कसला पाडवा?" एवढेच म्हणाली. पण त्या तीन शब्दांत पाच महिन्यांचे न बोललेले सारे आले होते, आणि आम्हांस कोठे पाहावे ते सुचेना.

तेवढ्यात शेजारच्या अम्मा आल्या. हे आंध्रातील कुटुंब, आमच्याच खात्यातले. त्या दिवशी त्यांची उगादी. त्यांच्या हातात पितळी वाटीत पच्चडी होती: चिंच, गूळ, कैरी, तिखट, मीठ, आणि सहावा रस कडू, तो कडुलिंबाच्या फुलांचा. आईने वाटीत डोकावून पाहिले आणि बोटाने एक फूल वर काढले. मग आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू फुले दिल्लीत होती आणि ती आणण्याचा आम्हीच आळस केला. अम्मांनी हिंदी, तेलुगू आणि हातवारे यांच्या साहाय्याने खुलासा केला: फुले गेल्या वर्षीची, माहेरच्या अंगणात सुकवून डब्यात भरून त्या दर वर्षी आणतात, कारण दिल्लीचा लिंब उगादीला कधीच हजर नसतो. त्या परत गेल्या आणि कागदाच्या पुडीत मूठभर सुकी फुले घेऊन आल्या. आईने ती आपल्या वाटीत घातली. नंतर आम्हां सर्वांच्या तळहातांवर ठेवताना तिचा हात नेहमीपेक्षा सैल होता.

त्या दिवसापासून दुपारी दोघी ओट्यावर बसू लागल्या. त्या कोणत्या भाषेत बोलत हे आम्हांस अखेरपर्यंत उमगले नाही. आई मराठी बोले, अम्मा तेलुगू, आणि दोघींनाही सारे समजे. निदान दोघींची तक्रार नव्हती.

एप्रिलात खिडकीतल्या कूलरवर होल्याच्या एका जोडप्याने संसार थाटला. होल्याचे घरटे म्हणजे स्थापत्यशास्त्राची चेष्टाच. दहा-वीस काड्या आडव्यातिडव्या टाकाव्यात आणि त्यांतून खालचे आकाश दिसत असतानाही वर दोन पांढरी अंडी घालावीत, इतका विश्वास आम्ही अन्यत्र पाहिला नाही. कूलरच्या गवताच्या जाळ्या बदलणारा मनुष्य नेहमीप्रमाणे आला, तेव्हा ओट्यावरील दोन्ही स्त्रियांनी त्याला दोन भाषांत हाकलून दिले. अंडी उबवावयास दोन आठवडे, पिल्ले उडावयास आणखी दोन. तोपर्यंत आम्ही पंख्याखाली घाम पुशीत बसलो. तक्रार करण्याची प्राज्ञा नव्हती. पिल्ले उडाली त्या दिवशी आईने आम्हांस कचेरीत दूरध्वनी केला. एरवी ती कधी करीत नसे. आम्ही घाबरून बैठकीतून उठलो. "गेली रे दोन्ही," एवढेच म्हणाली. आवाजावरून तिला आनंद झाला होता की वाईट वाटले होते, हे आम्हांस कळले नाही.

त्याच वर्षी श्रावण अधिक आला. त्यामुळे पुढचा पाडवा लांबणार, ९ एप्रिल २०२४ ला येणार, हे आईने पंचांगात कधीच पाहून ठेवले होते. "तोवर तुमच्या या आळशी झाडालासुद्धा फूल येईल," ती अम्मांना सांगे. सुकी फुले त्या वर्षी आणू नयेत अशी ताकीदही तिने त्यांना देऊन ठेवली होती.

जानेवारी २०२४ च्या थंडीत आई गेली. चार दिवसांचे दुखणे झाले.

९ एप्रिलला सकाळी दार उघडले तर पायऱ्यांवर बारीक पांढरी फुले सांडली होती. सरकारी पंचांगाचा चैत्र वीस दिवसांचा झाला होता आणि झाड एकदाचे वेळेवर आले होते. वर्ष सरले नसल्याने आमच्याकडे त्या दिवशी गुढी नव्हती. काठी माळ्यावर तशीच होती, आणि उरलेली गाठी मुंग्या लागू नयेत म्हणून डब्यात.

आठच्या सुमारास अम्मा ताट घेऊन आल्या आणि झाडाखाली उभ्या राहून, फुले घेऊ का, म्हणून विचारू लागल्या. झाड सरकारचे, परवानगी देण्याचा अधिकार आमच्या हुद्द्यास नाही. आम्ही मानेनेच हो म्हटले. त्यांचा हात पोहोचेना, म्हणून एक फांदी आम्ही वाकवून धरली. दुपारी त्या वाटी घेऊन आल्या. प्रथम त्यांनी ती आईच्या तसबिरीपुढे ठेवली, थोडा वेळ तेलुगूत काही बोलल्या, आणि मग आम्हां दोघांच्या हातांवर एकेक चमचा घातला. ताजी फुले सुक्या फुलांपेक्षा बरीच कडू असतात.

कूलरच्या माथ्यावर दोन काड्या येऊन पडल्या होत्या. जाळ्या बदलणाऱ्यास आम्ही मे महिन्याच्या अखेरीस यावयास सांगितले.