तीन डिस्क आणि एक वरची

आज पनवेलला पावसाने उसंत दिली नाही. मिनीडीव्ही कॅसेटींवरचं जुनं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवून झालंय, ते डीव्हीडींवर चढवायला बसलो. एका तासाच्या कॅसेटची फाइल साधारण 13 जीबी. डीव्हीडीवर छापलेलं असतं 4.7, कॉम्प्युटर 1024च्या हिशोबाने तेच 4.38 दाखवतो. म्हणजे तीन तुकडे आलेच.

तुकड्यांचा कंटाळा नाही, धास्ती वेगळीच. तीनपैकी एक डिस्क रुसली की उरलेल्या दोन असून नसल्यासारख्या. म्हणून चौथी राइट करतो, नुसत्या पॅरिटीची. तिच्यावर चित्रीकरणाचं एक दृश्यही नसतं, तिन्ही तुकड्यांवरून काढलेलं गणित असतं. चारांतली कुठलीही एक गेली तरी बाकीच्या तिघींवरून फाइल जशीच्या तशी जुळते. मला हे अजूनही चेटूकच वाटतं.

व्हेरिफाय पूर्ण होऊ द्यायचं, मध्ये उठायचं नाही. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर, मार्करने. बॉलपेन नकोच, सीडीचा तर डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो.

ब्लू-रेवर 25 जीबी, अख्खी कॅसेट मावते. पण सोनीने फेब्रुवारी 2025मध्ये राइट करायच्या ब्लू-रे आणि मिनीडीव्ही कॅसेटी, दोन्ही बनवणं एकदमच थांबवलं. काय योग!

पुतण्या म्हणतो, ‘‘काका, क्लाउडवर टाका की.’’ टाकेन, तेही टाकेन. आधी दुसरा संच पुण्याला ताईकडे जाऊ दे. तिच्याकडची हवा इथल्याएवढी दमट नाही.