चाक बदलावे का?

वाचक माउली, सायकलच्या चाकाचा विषय इथे पाहून तुम्हाला नवल वाटेल. पण हव्यास कधी सांगून येत नाही. कुणाकडे तो घराच्या निमित्ताने येतो, कुणाकडे दागिन्याच्या. माझ्याकडे तो चाकाच्या निमित्ताने आला, म्हणून चाकाविषयीच लिहितो.

नोकरीमुळे वीस दिवसांची रजा मिळत नाही. म्हणून आम्ही आठ-दहा जण दरवर्षी पालखी निघण्याआधी सायकलवर पंढरीला जातो. पुण्याहून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर असा पालखीचाच मार्ग. दोनशेहून अधिक किलोमीटर, वाटेत एक मुक्काम. पायी वारीची सर याला नाही, हे आम्ही जाणतो. नेम सुटू नये एवढाच हेतू.

माझी सायकल बारीक टायरची, रोडबाइक म्हणतात ती. सोबतच्या एकाने यंदा कार्बनची चाके बसवली आणि मलाही तोच सल्ला दिला. माझी जुनी जोडी दोन किलोची, नवी दीड किलोची. किंमत पन्नास हजारांच्या घरात. पैसे साठवलेले होते. रोज रात्री मोबाइलवर चाके पाहणे सुरू झाले. हरिपाठाच्या वेळीही तीच डोळ्यांपुढे फिरू लागली, तेव्हा म्हटले, आता याचा हिशेब मांडलाच पाहिजे.

हिशेब असा. मी, सायकल आणि सामान मिळून वजन सुमारे ८५ किलो. त्यातले अर्धा किलो कमी झाले, म्हणजे शेकड्याला अर्ध्याहून किंचित जास्त. दिवेघाट चढायला मला अर्धा तास लागतो. चढावर वेळ साधारण वजनाच्या प्रमाणात वाचतो. म्हणजे वाचणार दहा-अकरा सेकंद. सपाटीवर उंच कडेच्या रिमा वारा कापतात हे खरे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, म्हणून शर्यतीत धावणाऱ्याला त्यांचा लाभ मोठा. आमचा वेग ताशी वीस-बावीस. शिवाय फलटणच्या पुढे मोकळ्या माळावर पावसाळी वारा आडवा आला, तर तीच उंच कड सायकल ढकलते.

आता दहा सेकंदांचे मी करणार काय? आमच्यात एक आबा आहेत, वय सदुसष्ट. त्यांची सायकल जुनी, साधी, गिअर नसलेली. अर्ध्या घाटात ते खाली उतरतात आणि सायकल हातात धरून नामस्मरण करत चढतात. घाटमाथ्यावर आम्ही त्यांच्यासाठी अर्धा तास थांबतो. नव्या चाकांनी मी अर्धा तास आणि दहा सेकंद थांबलो असतो, एवढाच फरक.

याच घाटात ज्ञानेश्वर माउलींचा रथ चढतो तेव्हा जादा बैलजोड्या जुंपतात. चढ आला की जोर वाढवायचा, पण रथ मागे ठेवून पुढे कुणी जात नाही. दिंडीतही विणेकऱ्याला मागे टाकून कुणी पंढरी जवळ करत नाही. मग सायकलवर बसल्यावर मला पहिले पोहोचण्याची ओढ का लागावी? हा प्रश्न स्वतःला विचारल्यावर रात्रीचे मोबाइल पाहणे आपोआप सुटले.

माउली, याचा अर्थ चाक बदलूच नये असा नाही. चप्पल झिजली की वारकरी नवी घेतोच. सायकल कारागिराकडे नेली, तेव्हा त्याने मागच्या रिमची कड दाखवली. ब्रेक रिमवर घासतो, पावसातल्या चिखल-वाळूने ती आणखी झिजते. किती झिजली हे कळावे म्हणून कडेवर एक बारीक खाच असते. माझ्या रिमवरची खाच पुसली गेली होती. अशी पातळ झालेली कड हवेच्या दाबाने उतारावर फुटू शकते. इथे विचार करण्याचे कारण नव्हते. हब चांगले होते, ते ठेवून ॲल्युमिनियमची साधी रिम आणि नव्या तारा बसवल्या, आउट काढून घेतला. टायर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे घेतले. त्यांत हवा थोडी कमी ठेवता येते आणि खराब रस्त्याचे धक्के कमी बसतात. सगळे मिळून काही हजारांत भागले.

त्याच दिवशी आबांची सायकलही नेली. मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसवले, चेन थोडी वाढवली. खर्च काही शेकड्यांत. आता प्रत्येक पायडलला जोर बराच कमी लागेल. सपाटीवर वेग कमी होईल, त्याची आबांना फिकीर नाही. एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “घाट बसून चढता येतो का, बघू. नाही आला तर पाय आहेतच.”

साठवलेले बाकीचे पैसे जिथे होते तिथेच आहेत. तुमच्याही मनात अशी एखादी वस्तू घर करून बसली असेल, तर खरेदीआधी दोन गोष्टी पाहा: जुनी खरोखर झिजली आहे का, आणि नवी घेऊन आपण कुणाच्या पुढे जाणार आहोत.

रामकृष्णहरी.