विसरणारा स्टार्टर

पाथरी तालुक्यात थ्री फेज आल्याची वर्दी आधी कानाला लागते. गोदाकाठचं लिंबा-गुंजचं शिवार असो की जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा ऊस, विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीतून ‘खट्’ असा आवाज येतो आणि पाठोपाठ मोटार पाणी उचलते. मोटार रिवाइंडिंग आणि स्टार्टर दुरुस्ती हा माझा धंदा. माझ्या दुकानात जे काही जळून येतं, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट या ‘खट्’पाशीच सुरू होते.

स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. तिच्यातून वीज गेली की लोखंडी गाभ्याचं चुंबक होतं, ते समोरचा सरकता भाग ओढून घेतं आणि त्यावरचे तीन पॉइंट तीन फेज जोडतात. कॉइल पिते एक अँपिअरपेक्षाही कितीतरी कमी करंट. पॉइंटांतून मात्र पाच एचपीच्या मोटारीचा साडेसात अँपिअर वाहतो आणि सुरू होताना त्याच्या सहा-सात पट. थोड्या विजेने जास्त विजेला हुकूम द्यायचा, म्हणजे रिले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५च्या सुमारास ही युक्ती केली, ती दूरवर पोहोचेपर्यंत क्षीण झालेल्या करंटकडून मोठं काम करून घेण्यासाठी. पुढे तारायंत्र तिच्यावरच लांब पल्ल्याचं झालं. आपण तीच युक्ती विहिरीवर टांगली आहे.

या पेटीतली खरी गंमत चौथ्या, बारक्या पॉइंटमध्ये आहे. हिरवं बटण दाबलं की कॉइलला वीज मिळते. सरकता भाग ओढला गेला की तीन मोठ्या पॉइंटांबरोबर हा चौथाही मिटतो, आणि तो जोडलेला असतो हिरव्या बटणाला समांतर. मग बोट काढलं तरी कॉइल स्वतःच्याच पॉइंटमधून स्वतःला वीज देत राहते. म्हणजे कोणीतरी मघाशी ‘चालू’ म्हणालं होतं, हे स्टार्टर लक्षात ठेवतो. लाल बटण, ओव्हरलोडचा पॉइंट, एक फेज गेला तर मोटार थांबवणाऱ्या प्रिव्हेंटरचा पॉइंट हे सगळे कॉइलच्या वाटेवर एकामागून एक, सिरीजमध्ये बसवलेले असतात. त्यातला एक जरी उघडला तरी कॉइल सुटते.

सिरीज म्हणजे ‘आणि’, पॅरलल म्हणजे ‘किंवा’ हे आमच्या धंद्यातला पोरगा महिनाभरात हाताने शिकतो. रिले आणि स्विचच्या जोडण्यांचं सबंध गणित याच दोन शब्दांवर मांडता येतं, हे क्लॉड शॅनन या तरुणाने १९३७ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं. आजचा संगणक त्या पायावर उभा आहे. सुरुवातीचे काही संगणक तर खरोखरच रिलेंचे होते. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात एका रिलेच्या पॉइंटमध्ये पतंग सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आमच्याकडे पतंगाऐवजी पाल सापडते किंवा मुंग्यांचं वारूळ. नोंदवही तेवढी नसते.

या स्टार्टरचा सगळ्यात मोठा गुण मात्र त्याच्या विसरण्यात आहे. वीज गेली की कॉइल मरते, पॉइंट सुटतात, चौथा पॉइंटही सुटतो. वीज परत आली तरी स्टार्टर गप्प बसतो, कारण मघाचा हुकूम त्याच्या लक्षात नाही. मधल्या वेळात कोणी विहिरीत उतरलं असेल, कोणी वायर सोलत असेल, पाइप सुटलेला असेल. पुन्हा चालू करण्याआधी माणसाने एकदा बघावं, म्हणून हे विसरणं मुद्दाम बनवलेलं आहे. रेल्वेच्या सिग्नलचे रिलेही याच तत्त्वाचे. वीज गेली की त्यांचा सरकता भाग स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. त्यांचे पॉइंट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून धातूसमोर कार्बन ठेवतात. यंत्र बिघडलंच तर थांबण्याच्या बाजूने बिघडावं, हा त्यामागचा विचार.

आपण शेतात नेमकं हे विसरणं काढून टाकलं. त्याचं नाव ऑटो स्विच. साध्यातला साधा ऑटो म्हणजे हिरव्या बटणाला कायमचा दिलेला शॉर्ट. वीज आली की स्टार्टर आपोआप ओढतो. शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. मध्यरात्री वीज आली म्हणून चिखलातून, सापकिरड्यातून बॅटरी घेऊन बांधावर जायचं कोणी? “मामा, बाकी काही नका टाकू, पण ऑटो बसवून द्या,” असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा त्याच्या अंगावर रात्रीच्या पाळीचा शीण असतो.

पण हिशेब मांडून बघा. शंभर केव्हीएच्या डीपीची, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरची, ताकद दर फेजला सुमारे १३३ अँपिअर. तिच्यावर पाच एचपीच्या पंधरा मोटारी चालल्या तर ११२ अँपिअर लागतात, म्हणजे निभतं. पंधरा जणांनी आपापल्या सवडीने बटणं दाबली तर काहीच बिघडत नाही. पंधराही ऑटोवर असल्या तर वीज येताच त्या एकदम उठतात, आणि सुरू होतानाचा सहापट करंट धरला तरी मागणी जाते ६७५ अँपिअरवर. डीपीच्या ताकदीच्या पाचपट. व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज सत्तर टक्के राहिलं तर जोर उरतो जेमतेम निम्मा. मग मोटारी फिरत नाहीत, नुसत्या घुमतात, आणि फिरत नाहीत म्हणून तो सहापट करंट ओढतच राहतात. फ्यूज उडतो. उडू नये म्हणून कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असली तर डीपीच जळते, आणि सगळं शिवार वाळत बसतं. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं, ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.’ त्यामागे हेच गणित आहे. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. तो मोटारीचा लाइनवरचा करंट कमी करतो आणि शेवटच्या विहिरीपर्यंत व्होल्टेज टिकायला मदत करतो.

कमी व्होल्टेजचा मार स्टार्टरलाही बसतो. स्टार्टरमधल्या पॉइंट जोडणाऱ्या भागाची, म्हणजे साधारण कॉन्टॅक्टरची, कॉइल ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत नीट ओढते. शेतीच्या स्टार्टरसाठी त्याहूनही खाली धरणाऱ्या कॉइल बनवतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. त्या सीमेवर कॉइल धड ओढतही नाही, धड सोडतही नाही. स्टार्टर कडकड वाजतो, दर वेळी पॉइंटांत ठिणगी पडते, आणि एका क्षणी पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात. मग लाल बटण दाबूनही मोटार थांबत नाही. व्होल्टेज पुरेसं असून स्टार्टर नुसता गुरगुरत असेल तर गोष्ट वेगळी. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. त्या प्रत्येक शून्याला पकड सुटू नये म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याचं एक कडं बसवलेलं असतं. ते तुटलं किंवा गाभ्यावर धूळ-गंज साचला की आवाज सुरू होतो. अशा वेळी कॉइल बदलण्याआधी फडकं फिरवून बघावं. आणि एक विनंती : पॉइंट काळे दिसले म्हणून कानस मारू नका. ते चांदीच्या मिश्रधातूचे असतात आणि तो काळा थरही वीज वाहतो. घासल्याने फक्त चांदी जाते.

जळालेली मोटार उघडली की वाइंडिंगच सांगतं काय झालं ते. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्या करपल्या असतील तर लोड जास्त झाला होता किंवा मोटार अडकली होती. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेज कोळसा आणि एक कोरा असेल, किंवा डेल्टात एकच फेज जळालेला असेल, तर लाइनचा एक फेज गेला होता. एक फेज गेल्यावर चालत्या मोटारीच्या उरलेल्या दोन वायरींतला करंट सुमारे पावणेदोन पट होतो. ओव्हरलोड रिलेतली बायमेटलची पट्टी तापते, वाकते आणि कॉइलची वाट तोडते. नेहमीच्या वर्गातला रिले दीडपट करंटला दोन मिनिटांच्या आत सुटायला हवा. पण त्याची चकती ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून आधीच वर फिरवलेली असते. पहारेकऱ्यालाच झोपवल्यावर चोराला दोष काय द्यायचा?

सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असूनही मोटार जळते, त्याचंही कारण आहे. स्वस्तातला प्रिव्हेंटर व्होल्टेज बघतो. पण चालती मोटार गेलेल्या फेजच्या वायरीवर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि प्रिव्हेंटर फसतो. करंट बघणारा फसत नाही. उन्हाळ्यात बोअर आटला की तऱ्हा आणखी निराळी : पाण्यावाचून फिरणारी सबमर्सिबल जास्त नाही, कमी करंट घेते. ओव्हरलोडला त्यात काहीच वावगं दिसत नाही आणि मोटार कोरडी फिरून आतून खराब होते. त्यासाठी कमी करंटवर सुटणारा ड्राय रनचा रिले वेगळा लागतो.

रात्रीच्या फेऱ्यांवर एक समंजस उपाय आपल्या महाराष्ट्रातच निघाला. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवलं. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आता तसे मोबाइल स्टार्टर आमच्याकडेही सर्रास बसतात. त्यांच्या आतही शेवटी एक छोटा रिलेच असतो, तो हिरव्या बटणाचं काम करतो. फरक एवढाच की हुकूम माणसाचा राहतो. वीज आहे का, पाणी आहे का, हे विचारून तो घरून बटण दाबतो.

२०२४पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेचे पंप शिवारात दिसू लागले आहेत. त्यांच्या कंट्रोलरमध्ये खट् नाही. अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि मोटार हळूहळू वेग घेते. सुरुवातीचा झटका नाही, रात्रीची पाळीही नाही. पण पॅनेलकडून येणारी वीज डीसी आहे. ती कधी शून्यावर येत नाही, म्हणून तिची ठिणगी सहज विझत नाही. तिथे घरचा साधा एसी स्विच लावण्याचा प्रयोग कोणी करू नये.

ज्यांची मोटार अजून डीपीवर आहे त्यांना माझं सांगणं सरळ आहे. ऑटो हवाच असेल तर टायमरवाला घ्या, आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा ठरवा : पहिल्याचा एक मिनिट, दुसऱ्याचा दोन, तिसऱ्याचा तीन. मोटार कधी आपोआप सुरू होईल याची पाटी पेटीवर लावा, आणि विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज खिशात घाला. टायमर काहीशे रुपयांत येतो, रिवाइंडिंगला काही हजार लागतात. माझ्या धंद्याचं नुकसान करणारा हा सल्ला मी दुकानात रोज देतो. अडचण टायमरच्या किमतीची नाही. पहिला नंबर कोणाचा, यावर पंधरा जणांचं एकमत होत नाही.