उघडीप बघून ठिगळ

भीमाशंकरच्या डोंगरात लोखंडी पाइपाची गळती काढायची तर आधी उघडीप हेरावी लागते. बरं, पाऊस थांबला म्हणजे पाइप कोरडा झाला असंही नाही. आत गार पाणी वाहत असेल तर ऊन पडल्यावरही त्याला घाम सुटतोच. पाइपाचा पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा, नाहीतर ठिगळाचं इपॉक्सी धरत नाही. म्हणून आधी व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करायची, मगच सामान सोडायचं.

वेल्डिंग का नाही, असं गावात हमखास विचारतात. गंजून पातळ झालेल्या पत्र्याला रॉड टेकवला की भोक वाढतं. शिवाय १९८५पासून इथे अभयारण्य आहे. एप्रिलच्या वाळल्या गवतात ठिणग्या उडवायची माझी तरी छाती होत नाही.

पाइप सडतो तो बहुधा टेकूवर, क्लॅम्पखाली, जिथे शेवाळ आणि पालापाचोळा ओल धरून बसतात तिथे. वरचा रंग शाबूत दिसतो. हातोडीचा हलका ठोका मारावा: चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द. मग पोपडे काढून चहूबाजूंनी चकचकीत, पण खरखरीत लोखंड लागेपर्यंत ग्राइंडर. निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, अजून कामाला सुरुवातच नाही! थिनरने पुसून खड्ड्यांत इपॉक्सीची लांबी भरायची आणि रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड ताणून गुंडाळायचं. पांढरं कापड रेझिन प्यायलं की पारदर्शक होतं. पांढरा ठिपका उरला तर तिथे हवा अडकलीय, रोलर फिरवा. कार्बनचं कापड जास्त ताकदीचं, पण ते पोलादाला थेट भिडवू नये. ओल मिळाली की दोघांत वीज खेळते आणि पोलाद खाल्लं जातं. आधी काचेचा थर हवाच.

कारखान्यांत अशा ठिगळांसाठी आयएसओ २४८१७ हे मानक आहे. पाण्याचा दाब किती, पत्रा किती उरलाय, यावरून थर ठरतात. गावातलं मानक एम-सील आणि सायकलची ट्यूब. पावसाळा निघतो त्यावर, खोटं का बोला.

पाइप आतून सडत असेल तर मात्र बाहेरून कितीही गुंडाळा, आतला गंज थांबत नाही. भोक तेवढं बुजतं, शेजारी दुसरं पडतं. म्हणून आधी एखादं सॉकेट खोलून आत बोट फिरवतो. गंजाच्या गाठी लागल्या तर नवा पाइप आणा म्हणतो, आणि माझं सामान न सोडताच घोडेगावच्या एसटीत चढतं.